उद्या रात्री कोकणकन्या, आणि खालची दाढ ठणकतेय

तळ्यावरची | बुधवार, रात्री १०.५२

ठाण्यातलं कुणी जागं आहे का?

सोमवारी संध्याकाळी राम मारुती रोडला गणपतीची खरेदी करताना चहा घेतला आणि डावीकडच्या खालच्या दाढेतून जी कळ निघाली ती थेट कानात. तेव्हापासून चालूच आहे. दिवसा कामाच्या नादात निभतं, पण रात्री उशीला डोकं टेकलं की ठण ठण ठण. काल दोन ते चार हॉलमध्ये बसून काढले. गार पाण्याचा घोट दाढेवर धरला की तेवढ्यापुरतं थांबतं, पाणी कोमट झालं की पुन्हा सुरू. आता फ्रिजमधली बाटली मांडीवर घेऊनच टाइप करतेय. याच दाढेत तीन-चार वर्षांपूर्वी सिमेंट भरलं होतं.

उद्या रात्री ठाण्याहून कोकणकन्या आहे. तिकिटं नवरा, दीर आणि मी अशी तिघांनी तीन फोनवरून सकाळी आठच्या ठोक्याला झटापट करून मिळवलीयत, त्यामुळे रद्द करा वगैरे कुणी सांगू नका. शुक्रवारी हरतालिका, शनिवारी गणपती, मग गौरी, विसर्जन करूनच परत. गाव देवगड तालुक्यात, कणकवलीला उतरून पुढे गाडी. आणि मोदक माझ्याकडे असतात. एकवीस नाहीत, एकशे एक. आमच्या घरी तो आकडा दरवर्षी वाढतो, का ते विचारू नका.

एका दिवसात काय करून घेता येईल? आणि गाडीत दुखलं तर? नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीयेत.

खोचक | बुधवार, रात्री १०.५८

डॉक्टरांचं आडनाव '-कर'ने संपत असेल तर ते आत्ता पेणच्या पुढे ट्रॅफिकमध्ये असतील.

तळ्यावरची | बुधवार, रात्री ११.०१

हसू नका. खरंच मालवणचे आहेत.

मेथांबा | बुधवार, रात्री ११.०६

अगं, आधी एक लवंग घे, किंचित चेचून दाढेखाली धर. तेल आणायला जाऊ नकोस आत्ता. माझ्या बहिणीने बाटलीतलं लवंगेचं तेल थेट बोटाने चोळलं होतं. दाढ राहिली बाजूला, हिरडीची साल निघाली.

घणसोलीचा गणू | बुधवार, रात्री ११.१५

आधी फ्लॉस फिरवून बघा. मजा नाही करत. मागच्या पावसाळ्यात येऊरला कणीस खाल्लं आणि दोन दिवस दाढ धरून बसलो. नस गेली, रूट कॅनाल, कर्ज, सगळं डोळ्यांसमोर आलं. शेवटी बायकोने धागा फिरवला आणि दोन दाढांच्या फटीतून मक्याच्या दाण्याचं टरफल निघालं. पाच मिनिटांत मी पुन्हा माणसात. टाचणी, सेफ्टी पिन घालू नका मात्र, तो प्रयोगही मी आधी केला होता.

तळ्यावरची | बुधवार, रात्री ११.२४

फिरवला. काही नाही निघालं. धागा गरम वाफेसारखा लागला उलट. लवंग धरलीय. बधिर झाल्यासारखं वाटतंय पण आतलं ठणकणं तसंच.

कवळीवाला | बुधवार, रात्री ११.४७

वाशीत दवाखाना आहे माझा, जाहिरात करत नाही, गणपतीत तसाही बंद आहे.

गणूभाऊंचं बरोबर आहे, पहिल्यांदा फट साफ करून बघावी. पण तळ्यावरची ताईंनी सांगितलेल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की मला दाढ न बघताही अंदाज येतो. गरमने कळ, आडवं झालं की ठणका, आणि गार पाण्याने आराम. गार लागून कळ येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, ते प्रकरण वेगळं. ते बऱ्याचदा सिमेंट बदलून निभतं. तुमचं त्याच्या पुढे गेलेलं दिसतंय.

दाताच्या आतली नस कडक भिंतींच्या खोलीत असते. बोटाला सूज आली तर बोट फुगतं. इथे फुगायला जागाच नाही, म्हणून आतल्या आत दाब वाढतो आणि प्रत्येक ठोका जाणवतो. आडवं झालं की डोक्याकडचा दाब वाढतो, म्हणून रात्र वैरीण. अशी नस सहसा परत पूर्वपदावर येत नाही.

उद्या सकाळी कुठल्याही दंतवैद्याकडे जा आणि एकच मागा: एक्स-रे काढून दाढ 'ओपन' करून द्या. म्हणजे भूल देऊन वरून भोक पाडतात, सुजलेली नस काढतात, आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावतात. अर्धा-पाऊण तासाचं काम. उरलेलं रूट कॅनाल परत आल्यावर. तेवढ्याने गाडीत झोप लागेल. दाढ काढून टाका मात्र म्हणू नका. काढल्यानंतर दोन-तीन दिवसांनी जखमेतली रक्ताची गाठ सुटली तर होणारं दुखणं आत्ताच्या दुप्पट असतं, आणि ते दोन-तीन दिवस म्हणजे नेमके तुमचे मोदक.

पारसिक बोगदा | बुधवार, रात्री ११.५५

डॉक, माझ्याकडे मागच्या वेळचा ॲमॉक्सिसिलिनचा अर्धा पत्ता पडलाय. मी तर असं काही झालं की तोच सुरू करतो. ताईंना तो चालेल का?

कवळीवाला | गुरुवार, रात्री १२.०९

नाही. आणि तुम्हालाही नाही चालत, तुम्ही नुसतं चालवून घेताय.

ॲंटिबायोटिक वेदनाशामक नाही. सूज नाही, ताप नाही, पू नाही, तिथे त्याचं कामच नाही. आणि नस एकदा मेली की तिच्यात रक्त जात नाही, म्हणजे गोळीतलं औषध तिथवर पोचणार कसं? उरलेला अर्धा पत्ता म्हणजे मागचा कोर्सही अर्धवट सोडलेला.

ठणक्यासाठी आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० एकत्र, पोटात काहीतरी असताना, सहा ते आठ तासांच्या अंतराने, दिवसातून तीनदा. ही जोडी दाताच्या दुखण्यावर एकट्या गोळीपेक्षा बरी चालते. दोन्ही एकाच गोळीत असलेलीही मिळते, पण मग वेगळी पॅरासिटामॉल घेताना बेरीज करा. २४ तासांत चार ग्रॅमच्या वर जायचं नाही. अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण, किंवा अशा गोळ्यांनी दमा उसळत असेल, तर आयब्युप्रोफेन नको, नुसती पॅरासिटामॉल. आणि पावसाळा आहे. अंगात ताप असेल तर डेंग्यू नाही ना हे कळेपर्यंतही आयब्युप्रोफेन नको.

एक राहिलं. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी ठेवायची नाही. वर्षातून दोन-तीन जण तरी पांढरीफटक भाजलेली हिरडी घेऊन येतात.

मेथांबा | गुरुवार, रात्री १२.१४

डॉक्टर, पण हरतालिकेला ती उपाशी असणार ना. गोळी रिकाम्या पोटी कशी घेणार?

कवळीवाला | गुरुवार, रात्री १२.१७

दूध-केळं तरी घ्यावं. बाकी सासूबाई आणि महादेव यांच्यात मी पडत नाही.

सीवूड्सचे आबा | गुरुवार, सकाळी ६.२०

धागा आत्ता वाचला. तळ्यावरचीला हे लागू नाही, तिची दाढच दिसते. पण साठीच्या पुढचे कुणी वाचत असतील म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी मला खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दुखायचं. स्टेशनचा जिना चढलो की सुरू, वर बाकावर पाच मिनिटं बसलो की बंद. मी दात समजून लवंगा चघळत राहिलो. दंतवैद्याने दोनदा तपासलं, प्रत्येक दातावर टकटक केलं आणि म्हणाला, आबा, दात ठणठणीत आहेत, तुम्ही आज इथून घरी न जाता आधी कार्डिओग्राम काढून या. दुसऱ्या दिवशी स्टेंट बसला. चालल्यावर दुखतं आणि थांबल्यावर थांबतं, असं दात कधी करत नाही. त्या मुलाला मी अजून दर दिवाळीला फराळ नेऊन देतो.

निळी छत्री | गुरुवार, सकाळी ८.४०

आबा __/\__

माझा अनुभव विमानाचा. मेमध्ये लेहला जाताना मुंबईहून विमान वर चढायला लागलं आणि वरच्या दाढेत कुणीतरी सुई घालून फिरवतंय असं झालं. जमिनीवर असताना काहीही नव्हतं. दिल्लीत उतरलो, गायब. दिल्ली-लेह पुन्हा तेच. लेहला साडेअकरा हजार फुटांवर पाच दिवस हलका ठणका राहिला, आणि परतीच्या प्रवासाची इतकी धास्ती की पँगाँगचे फोटो बघताना मला अजून दाढच आठवते. घरी आल्यावर कळलं, जुन्या सिमेंटखाली कीड लागून पोकळी झाली होती.

कवळीवाला | गुरुवार, सकाळी ९.१५

याला नावही आहे, बॅरोडोंटाल्जिया. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना इतका त्रास व्हायचा की तेव्हापासून त्यावर लिहिलं गेलंय. विमानात हवेचा दाब जमिनीइतका ठेवत नाहीत, साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तितका असतो. बाहेरचा दाब कमी झाला की पोकळीत अडकलेली हवा पसरते आणि आधीच चिडलेली नस बोंब मारते. निरोगी दात विमानात दुखत नाही, विमान फक्त चहाडी करतं. उतरताना वरच्या सगळ्या दाढा एकदम दुखल्या तर मात्र बऱ्याचदा सर्दीने चोंदलेलं सायनस असतं.

तारकर्लीला स्कुबा करणाऱ्यांनाही हेच, उलट दिशेने. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. कच्ची दाढ घेऊन जाऊ नये.

ताई, निघालात का दवाखान्यात?

घणसोलीचा गणू | गुरुवार, सकाळी ९.३०

ओळखीचा दवाखाना मिळत नसेल तर ट्रान्सहार्बरने सरळ नेरुळ गाठा. डी. वाय. पाटील आणि तेरणा, दोन्ही डेंटल कॉलेजं तिथेच. बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी., कामोठ्याला एम. जी. एम. एका लायनीवर इतकी डेंटल कॉलेजं, आपण उगाच फक्त ट्रॅफिकला शिव्या देतो. सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा, हातात चार तास ठेवायचे. शिकाऊ मुलंमुली करतात पण मागे सर उभे असतात, आणि एक्स-रे न काढता कुणी हात लावत नाही. खर्च खाजगीच्या मानाने खूपच कमी. माझ्या आईच्या दोन दाढा तिथेच झाल्या.

प्रशासक | गुरुवार, सकाळी ११.०५

एका सदस्याने डॉक्टरांचा खाजगी फोन नंबर दिला होता, तो काढला आहे. कृपया नंबर निरोपातून द्या.

तळ्यावरची | गुरुवार, संध्याकाळी ६.३५

सगळ्यांना धन्यवाद. आता शिव्या घालायला तयार राहा.

नेरुळला गेले नाही. ऑफिसमधून सुट्टी उद्यापासून होती, आज अर्धा दिवस तरी जाणं भाग होतं. दुपारी आमच्या भागातल्या एका चकचकीत दवाखान्यात गेले. मासे ठेवलेली काचेची पेटी वगैरे आहे. आरसा आत घालून दोन मिनिटं बघितलं. मी म्हटलं एक्स-रे, म्हणे आत्ता गरज नाही. मी म्हटलं ओपन करून द्या, म्हणे आज पेशंट खूप आहेत, गणपतीनंतर निवांत करू. पाच दिवसांच्या ॲंटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या आणि पाचशे रुपये घेतले. पारसिक बोगदा यांनी फुकटात तेच सांगितलं होतं.

दुसरीकडे जायला वेळ उरला नाही. बॅगा, गणपतीची मखराची फुलं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. सामानात आता आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, लवंगा, फ्लॉस आणि थर्मासमध्ये बर्फ.

पारसिक बोगदा | गुरुवार, संध्याकाळी ६.४१

माझे अडीचशे तरी पाठवा.

कवळीवाला | गुरुवार, रात्री ८.१०

असो. पेशंट जास्त असले की हे होतं, समर्थन करत नाही.

गाडीत: निघायच्या आधी जेवून गोळी घ्या, दुखायची वाट बघू नका. शेवटचा चहा आत्ताच, रात्री गरम काही नको. मिडल बर्थ असेल तर कुणाशी तरी बदलून लोअर घ्या म्हणजे उठून बसता येईल, आणि दोन उशा. बर्फ रुमालात गुंडाळून गालावर बाहेरून, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा. शेक अजिबात नको. त्या पाच दिवसांच्या गोळ्या आत्ता सुरू करू नका, पण बरोबर असू द्या.

आणि लक्षात ठेवा: गाल किंवा जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, थुंकी गिळताना त्रास झाला, ताप आला, तर दंतवैद्य शोधत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. सूज गळ्याकडे उतरली तर श्वासाचा मार्ग अडतो.

तळ्यावरची | शुक्रवार, पहाटे ३.५८

चिपळूण.

अख्खा डबा घोरतोय. मी एकटी बसलेय. एसी इतका गार की पाय बर्फ झालेत पण दाढेला तो गारवा पोचत नाही. थर्मासमधला बर्फ खेडलाच संपला. समोरच्या आजोबांनी झोपेतून उठून विचारलं, "दात का?" आणि पिशवीतून मशेरीची डबी काढली. म्हणाले चिमूटभर लाव. नको म्हटलं तर स्वतः लावून झोपले.

मेथांबा | शुक्रवार, पहाटे ४.०४

मीही जागीच आहे, हरतालिकेचं स्नान. मशेरी लावू नकोस गं, तंबाखूच तो. आमच्या आजीने दातदुखीसाठी म्हणून सुरू केली आणि मरेपर्यंत सोडली नाही.

तळ्यावरची | शुक्रवार, पहाटे ५.३६

ऐका!!! थांबलं!

करबुड्याच्या बोगद्यात शिरलो तेव्हा ठणकत होतं. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, फोनला रेंज नाही, मी मारुतीला, रामेश्वराला, सगळ्यांना नवस बोलून झाले. बाहेर आलो आणि एकदम जाणवलं की दुखत नाहीये. कमी नाही, नाहीच. रत्नागिरीला प्लॅटफॉर्मवर उतरून मुद्दाम गरम चहा तोंडात धरून बघितला. काही नाही. गार पाणी, काही नाही. रामेश्वरा, तुला नारळ.

पारसिक बोगदा | शुक्रवार, सकाळी ६.५०

बोगद्यांत ताकद असते. मी कधीपासून सांगतोय.

खोचक | शुक्रवार, सकाळी ७.१५

पाचशे रुपये वसूल! गोळी न घेता नुसत्या पाकिटाने गुण.

मेथांबा | शुक्रवार, सकाळी ७.२२

बघ, लवंगेने हळूहळू का होईना गुण दिला. आता निश्चिंत मोदक कर.

कवळीवाला | शुक्रवार, सकाळी ९.४०

अभिनंदन करावं असं फार वाटतंय, पण करता येत नाही.

चार रात्री ठणकणारी दाढ तासाभरात गप्प झाली, गरम लागत नाही, गार लागत नाही. म्हणजे सांगणारी नस बहुतेक मेली. दात बरा झालेला नाही, त्याचा फोन बंद झालाय. आत जंतू आहेत, त्यांना आता खायला मेलेली नस आहे, आणि ते मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकतील. कुणाचे त्यात महिने जातात, कुणाचे तीन दिवस. माझ्याकडे येणाऱ्या सुजलेल्या गालांपैकी निम्मे तरी हेच म्हणतात: "डॉक्टर, मध्ये एकदम थांबलं होतं हो!"

आज-उद्या कणकवलीत कुणी उघडं असेल तर आत्ताच करून घ्या. स्टेशनवर उतरणारच आहात.

तळ्यावरची | शुक्रवार, दुपारी १.१०

घरी पोचलो पण. न्यायला आलेल्या गाडीत आठ माणसं आणि गणपतीचा पाट, तिथे मी दवाखाना म्हटलं असतं तर मलाच पाटावर बसवलं असतं. दुखत नाहीये हो डॉक्टर, खरंच. उकड काढायला घेते आता.

खोचक | शुक्रवार, दुपारी १.३०

हरतालिकेला उकड?

तळ्यावरची | शुक्रवार, दुपारी १.३४

पिठी चाळायला. तुम्ही ना.

तळ्यावरची | रविवार, दुपारी ३.४५

मोदक एकशे अकरा झाले. दहा का वाढले ते माहीत नाही.

डॉक्टर, आज सकाळपासून चावलं की दाढ दुखते. ठणका नाही, पण दोन्ही दाढा एकमेकींवर टेकल्या की आधी हीच लागते, जशी काही ती उंच झालीय. ऋषीची भाजीसुद्धा उजवीकडून खाल्ली, आणि ऋषीच्या भाजीत चावायला असतं तरी काय.

इथे शेजारच्या काकी म्हणतायत, वाडीत एक बाई किडा काढते. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने धूर दाढेत सोडतात आणि किडे खाली पाण्यात पडतात. काकींच्या समोर सात पडलेत म्हणे. "आता थांबतला बघ," असं त्या कालपासून सांगतायत. सासूबाईंचं मत, करून बघायला काय जातंय.

मेथांबा | रविवार, दुपारी ४.००

माझ्या लहानपणी आमच्याकडेही यायची एक म्हातारी! पाण्याच्या परातीत पांढरे पांढरे किडे पडलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

कवळीवाला | रविवार, दुपारी ४.२६

मेथांबाताई, परातीत पडतं ते बीमधलं असतं, दाढेतलं नाही. आपल्या भाषेनेच हा घोटाळा केलाय. 'दाताला कीड लागली' म्हणतो, मग आत अळी असणार असं वाटतं. खरं तर तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. ती अळी कुणाला दाखवता आली असती तर माझा धंदा केव्हाच बसला असता.

ताई, दाढ उंच वाटणं म्हणजे मुळाच्या टोकाशी दाब साठायला लागला. आता उद्यावर टाकू नका. सूज आहे? ताप? तोंड पूर्ण उघडतं का, तीन बोटं उभी आत जातात का?

तळ्यावरची | रविवार, दुपारी ४.४०

सूज नाही. ताप नाही. तीन बोटं जातात. आज रविवार, वर गणपतीचा दुसरा दिवस, कुणी उघडं नाही. दिरांनी दोन ठिकाणी फोन केले, एक कणकवलीचे उद्या सकाळी नऊला या म्हणाले.

तळ्यावरची | सोमवार, सकाळी ६.१५

उठले तर गाल पुरीसारखा. डोळ्याखाली नाही, जबड्याच्या कडेवर. ताप ९९.४. गिळता येतंय. दोन बोटंच जातात.

कवळीवाला | सोमवार, सकाळी ६.२२

नऊला पोचा. वाटेत गिळायला त्रास व्हायला लागला किंवा जीभ वर उचलल्यासारखी वाटली तर दवाखाना सोडा आणि हॉस्पिटल. सोबत कुणीतरी हवं. आधी लिहून दिलेल्या गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन जा, म्हणजे त्यांना कळेल काय दिलंय. गरम पिशवी, हळदीचा गरम लेप, काहीही गालावर नको.

सीवूड्सचे आबा | सोमवार, सकाळी ७.०५

पोरी, कळव.

तळ्यावरची | सोमवार, दुपारी २.५०

झालं.

छोटासा दवाखाना, खाली मोटारसायकलचं गॅरेज, वर एक खुर्ची. डॉक्टर मुलगी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, तिच्याही घरी गणपती. आल्याबरोबर एक्स-रे. स्क्रीनवर तिने पेनाने दाखवलं: जुन्या सिमेंटच्या खाली कीड थेट नसेपर्यंत, आणि मुळाच्या टोकाशी काळा ठिपका. तीन-चार वर्षं वरून सगळं पांढरं, गुळगुळीत.

भूल नीट चढली नाही, सूज असली की असं होतं म्हणाली, दोनदा द्यावी लागली. मग मशीन फिरलं आणि एकदम तोंडात घाण, कडू, सडका वास. तिने नुसतं "आला" म्हटलं. पू. मला तो वास आल्याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. दाब गेला. दहा मिनिटं वाहू दिलं, धुतलं, औषध घातलं आणि तात्पुरतं सिमेंट. आता मात्र ॲंटिबायोटिक दिलंय, कारण सूज आणि ताप आहे. ठाण्याच्या त्या डॉक्टरांच्याच गोळ्या चालतील म्हणाली, म्हणजे ते पाचशे अगदीच फुकट नाहीत गेले.

एक्स-रेचा फोटो माझ्या फोनवर पाठवलाय, ठाण्यात दाखवायला. पैसे घेताना म्हणाली, मोदक पाठवा. एकवीस पाठवले.

खोचक | सोमवार, दुपारी ३.०५

मोदक पाठवून तिचं पुढचं गिऱ्हाईकही तयार केलंत.

कवळीवाला | सोमवार, दुपारी ३.४०

उत्तम काम केलंय तिने. दोन दिवसांत सूज उतरेल. त्या बाजूने चावू नका, तात्पुरतं सिमेंट पडलं तर घाबरू नका, पण कापसाचा बोळा वगैरे स्वतः कोंबू नका. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. गोळ्यांत मेट्रोनिडॅझोल असेल तर त्या दिवसांत दारू अजिबात नको, हे विसर्जनाच्या निमित्ताने बाकीच्या वाचकांसाठी.

तळ्यावरची | बुधवार, रात्री ९.१०

सूज उतरली. गौरीच्या वडे-सागोतीत मी वडे खाल्ले, सागोतीचा नुसता रस्सा. परतीच्या गाडीत ठाणं आलं तेव्हा नवऱ्याने उठवलं, इतकी झोपले होते. बोगदे किती गेले मोजले नाहीत.

(परतीचं लिहिलं ते शनिवारचं. घरी आल्यावर याच पोस्टमध्ये जोडलं, म्हणून वर वेळ बुधवारचीच दिसतेय. प्रशासक, दुरुस्त करता आली तर बघा.)

प्रशासक | रविवार, सकाळी १०.२०

वेळ सर्व्हरची असते, आमच्या हातात नाही. दाढेची काळजी घ्या.

निळी छत्री | तीन आठवड्यांनंतर

धागा वर काढतेय. रूट कॅनाल झालं का? मला पुढच्या महिन्यात पुन्हा विमानाने जायचंय आणि डाव्या वरच्या दाढेत गोड लागलं की शिवशिवतं.

कवळीवाला | तीन आठवड्यांनंतर

विमानाच्या आदल्या दिवशी न जाता याच आठवड्यात एक्स-रे काढा. रूट कॅनाल अर्धवट असताना तात्पुरत्या सिमेंटवर उडायची वेळ आली तर तुमच्या डॉक्टरांना आधी तारीख सांगा, ते त्या हिशेबाने बंद करतात.

तळ्यावरची | तीन आठवड्यांनंतर

झालं. नेरुळच्या कॉलेजात तीन खेपा झाल्या, कॅपचं माप दिलंय, दसऱ्याच्या आधी बसेल. तोवर त्या बाजूने चकली, शेंगदाणे, चिक्की बंद. शिकाऊ मुलीने कणकवलीचा एक्स-रे बघून तिच्या सरांना बोलावून दाखवला.

काल रात्री नवरा गार पाण्याची बाटली घेऊन टीव्हीसमोर बसला होता. विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, उकडतंय." पंखा पाचवर होता. उद्या सकाळी सातच्या नेरुळ लोकलला दोघं आहोत.